बोनला शनिवारी जा आणि सव्वाबाराला जेवायला बसा

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघं फ्रान्सला निघालोय. मी, माझे मिस्टर आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. पॅरिसनंतर दिजाँला तीन रात्री मुक्काम आहे; शुक्रवारी दुपारी पोचतो, सोमवारी रात्री तिथून निघतो. जवळचं बोन हे गाव एका दिवसात बघायचंय. शनिवार-रविवारी गर्दी असेल म्हणून आम्ही सोमवार धरलाय. मला तिथलं खरं जेवण चाखायचंय, मी सगळं खाते. मिस्टर चिकन-मासे खातात, गाय-डुक्कर नाही. सासूबाई शाकाहारी आहेत. केक-बिस्किटातलं अंडं चालतं, ताटातलं नाही. माझी बहीण मागे फ्रान्समध्ये दुपारी अडीचला जेवायला गेली तर जिथे तिथे नकार मिळाला आणि चौघांनी बिस्किटांवर दिवस काढला. आमचं तसं होऊ नये. आणि सासूबाईंना तीन दिवस सॅलड नि बटाट्याच्या फ्राइजवर ठेवायचं नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी तो सोमवार बदला. बोनला शनिवारी जा. गर्दीची धास्ती समजते, पण फ्रान्सच्या छोट्या गावांत सोमवार हा स्वयंपाकघरांच्या सुट्टीचा दिवस. शनिवार-रविवार राबलेली मंडळी बऱ्याच ठिकाणी रविवारी रात्रीच शटर ओढतात आणि थेट मंगळवारी उघडतात. सोमवारी उघडं काहीतरी सापडेल, पण ज्या चवीसाठी तुम्ही इतक्या लांब जाताय ती जागा नेमकी बंद असेल. शनिवारी मात्र बोनचा मोठा बाजार भरतो. बुधवारीही भरतो, पण लहान. शनिवारची गर्दी ही गावकऱ्यांच्या आठवड्याच्या खरेदीची गर्दी असते आणि ती बघण्यासारखी असते.

तुमच्या बहिणीला नकार मिळाला तो तुसडेपणाने नव्हे. तिथलं स्वयंपाकघर दिवसातून दोनदाच चालू असतं. दुपारी बाराला सुरू होतं, दीडच्या सुमारास शेवटची ऑर्डर घेतात, दोन वाजता शेगड्या बंद. मग संध्याकाळी सात-साडेसातशिवाय काही शिजत नाही. अडीच वाजता दार उघडं दिसतं, माणसं कॉफी पीत बसलेली दिसतात, म्हणून आपण आत जातो. पण स्वयंपाकी घरी गेलेला असतो. पॅरिसमध्ये दिवसभर जेवण देणाऱ्या ब्रासेरी पुष्कळ, तिथे 'सेर्व्हिस काँतिन्यु' अशी पाटी असते. बोनसारख्या गावात त्यावर विसंबू नका. आपली सवय आधी सगळं बघून घ्यायची आणि भूक लागली की जेवायची. इथे जेवणाची वेळ आधी ठरवा आणि बघायच्या गोष्टी तिच्या अलीकडे-पलीकडे बसवा. एवढं एक सांभाळलंत तर बाकीचं सोपं आहे.

म्हणून शुक्रवारी दिजाँच्या हॉटेलात पोचल्या पोचल्या रिसेप्शनवरच्या माणसाला दोन कामं सांगा. एक, शनिवारी दुपारी सव्वाबाराला बोनमध्ये तिघांचं टेबल फोनवरून राखून घ्यायचं, आणि फोनवरच सांगायचं की एक जण शाकाहारी आहे. आदल्या दिवशी कळलं तर स्वयंपाकी शाकाहारी ताटाचा विचार करून ठेवतो. ऐनवेळी सांगितलं तर बाजूच्या भाज्याच एका ताटलीत गोळा करून येतात. दुसरं काम चिठ्ठीचं. सासूबाईंसाठी एका कागदावर फ्रेंचमध्ये लिहून घ्या : 'मी मांस, मासे, डुकराच्या मांसाचे तुकडे, मांसाचं किंवा कोंबडीचं सूप, जिलेटिन खात नाही. अंड्याचं ऑम्लेट किंवा उकडलेलं अंडं नको. दूध, लोणी, चीज चालतं.' नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. भोपळ्याचं सूप बघायला निखळ शाकाहारी असतं, पण त्याचं पाणी पुष्कळदा कोंबडीचं असतं. तिथल्या प्रसिद्ध कांद्याच्या सुपाचा आधार तर बहुतेक वेळा गाईच्या हाडांचा. ही चिठ्ठी फोनमध्ये न ठेवता कागदावरच ठेवा. वेटर ती आत घेऊन जातो आणि स्वयंपाकी स्वतः वाचतो.

दिजाँहून बोनला टीईआर म्हणजे प्रादेशिक गाडीने वीसेक मिनिटं लागतात. या गाड्यांना आरक्षण नसतं आणि महिनाभर आधी काढलं म्हणून तिकीट स्वस्तही होत नाही. त्याच दिवशी स्टेशनवरच्या मशीनमधून किंवा फ्रेंच रेल्वेच्या एसएनसीएफ कनेक्ट या ॲपवरून काढा. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का उमटवायला लागतो का, ते तिकिटावर वाचा. लागत असेल आणि विसरलं तर तिकीट असूनही दंड होऊ शकतो. फोनवरच्या तिकिटाला याची गरज नाही. जाताना उजव्या हाताच्या खिडकीशी बसा. गेव्रे-शाँबेर्तां, व्हुजो, न्वी-सँ-जॉर्ज ही द्राक्षमळ्यांची गावं त्याच बाजूच्या उतारावर आहेत. हे मळे २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले, आणि ऑक्टोबरात त्यांची पानं पिवळी पडलेली असतात.

साडेआठच्या आसपासची गाडी धरा. बोन स्टेशनपासून तटबंदीच्या आतलं गाव दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर, सपाट रस्त्याने. आत दगडी फरसबंदी आहे, सासूबाईंना चपला नकोत, बूट हवेत. ओतेल-द्यू हे गावातलं मुख्य ठिकाण, आणि बाजार त्याच्या समोरच्याच चौकात भरतो. पण बाजारात आधी नुसती एक फेरी मारा, खरेदी करू नका. हातात चीज आणि फळांच्या पिशव्या घेऊन दीड तास फिरणं कोणालाच सुखाचं नसतं.

ओतेल-द्यू हे गरिबांसाठी बांधलेलं इस्पितळ. बर्गंडी म्हणजे दिजाँ-बोनचा हा मुलूख; तिथल्या ड्यूकचा चॅन्सलर म्हणजे मुख्य कारभारी निकोला रोलँ आणि त्याची बायको गिगोन द सालँ यांनी १४४३ साली ते स्थापन केलं. शंभर वर्षांचं युद्ध आणि दुष्काळ यांनी तेव्हा हा मुलूख पिचला होता. १९७१ पर्यंत इथे रुग्ण होते. बाहेरून रंगीत चकाकत्या कौलांचं छप्पर सगळ्यांना दिसतं, पण मुख्य दालनात वर मान करून बघा : जवळजवळ ५० मीटर लांब, उलट्या नावेसारखं लाकडी छत, आणि खाली दोन्ही भिंतींना लाल पडद्यांच्या खाटा ओळीने. रुग्णांना पडल्या पडल्या समोरच्या चॅपेलमधली प्रार्थना दिसावी अशी मांडणी आहे. रोखिर व्हान डर वेडनने रंगवलेलं 'अखेरचा न्याय' हे अनेक फळ्यांचं चित्र वेगळ्या अंधाऱ्या खोलीत आहे. तुमचा विषय जेवणाचा म्हणून स्वयंपाकघरही चुकवू नका. तिथे मांस भाजायचा सळईचा यांत्रिक रहाट आहे आणि तो फिरवतोय असं दाखवणारा एक छोटा बाहुला. नऊ-सव्वानऊला आत गेलात तर पावणेअकराला आरामात बाहेर येता.

आता बाजार. तासभर हातात आहे, आणि ही खरेदी आत्ता खायची नाही, संध्याकाळच्या जेवणाची आहे. दुपारी तिथल्या पद्धतीचं भरपेट जेवण झाल्यावर रात्री पुन्हा हॉटेलात तीन पदार्थ जिरत नाहीत, आणि सासूबाईंना एकाच दिवशी दोन जेवणांत चिठ्ठी दाखवत बसावं लागू नये. तिघांना पुरेल इतकं म्हणजे : एक 'बॅगेत' म्हणजे काठीसारखा लांब पाव, शक्यतो 'त्रादिस्याँ' म्हणून मागून. १९९३ च्या सरकारी नियमाने या नावाच्या पावात पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण याखेरीज जवळजवळ काही घालता येत नाही, त्यामुळे तो सासूबाईंना डोळे झाकून चालेल. चीज तीन प्रकारचं मिळून २०० ग्रॅम. यापेक्षा जास्त घेतलं तर उरतं आणि हॉटेलची खोली वासाने भरते. पाव किलो द्राक्षं किंवा तीन पेअर, मूठभर नवे अक्रोड. ऑक्टोबर हा अक्रोड आणि पेअरचा हंगाम.

पद्धत अशी की विक्रेत्याच्या समोर गेल्यावर पहिला शब्द 'बाँजूर'. तो न उच्चारता थेट 'हे किती?' विचारलं तर आपण भांडायला आलोय असं वाटतं. फळांना हात लावून चाचपायचं नाही, विक्रेता निवडून देतो. तो विचारेल, आज खायचंय की उद्या? हा प्रश्न मनापासूनचा असतो. त्यावरून तो पिकलेला पेअर द्यायचा की कडक, हे ठरवतो. 'पूर स् स्वार', म्हणजे आज रात्रीसाठी, असं सांगा. चीज मोठ्या चक्रातून कापताना तो सुरी ठेवून 'एवढं?' म्हणून बघतो. सुरी डावीकडे-उजवीकडे सरकवायला बोटाने खुणावलं तरी चालतं. थोडी रोख आणि सुटे युरो जवळ असू द्या.

इथलं चीज म्हणजे एपवास, आणि ते जवळून ओळखून घ्या. बशीएवढं चपटं चक्र, ओलसर नारिंगी साल, लाकडी गोल डबीत. द्राक्षांच्या चोथ्यापासून काढलेली 'मार' नावाची कडक दारू पाण्यात मिसळून त्याची साल आठवडेच्या आठवडे धुतात. तो रंग आणि तो वास त्यातून येतो. डबी उघडली की पहिला वास गोठ्याची आठवण देईल. घाबरू नका, तोंडात ते सायीसारखं पसरतं, खारट, थोडं गोडसर. २५० ग्रॅमची अख्खी डबी तिघांना जास्त होते. मोठ्या चक्रातून कापून 'आ ला कूप' मिळालं तर ८० ग्रॅम पुरे. फ्रिजमधून काढल्या काढल्या खाल्लं तर ते रबरासारखं लागतं. तासभर बाहेर ठेवा, मग पावावर घ्या. मात्र हे तुमच्यासाठी, सासूबाईंसाठी नाही. दारूने धुतलेलं आहे म्हणून एक, आणि त्याहून महत्त्वाचं असं की फ्रान्समधली बहुतेक पारंपरिक चीजं दूध फाडायला वासराच्या जठरातला रेनेट वापरून बनतात. काँते, एपवास, सगळी त्यातच आली. हे त्यांना आधी सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. पुष्कळ शाकाहारी लोक चीजमधला रेनेट मानत नाहीत, काही कटाक्षाने टाळतात. टाळायचा असेल तर चीजवाल्याला 'प्रेझ्युर व्हेजेताल?' असं विचारा, वनस्पतीजन्य रेनेटचं काही असेल तर तो दाखवील. काहीच नसेल तर शनिवारी संध्याकाळी त्यांच्या वाट्याला पाव, लोणी, अक्रोड, पेअर आणि दिजाँच्या कुठल्याही सुपरमार्केटमधलं घट्ट दही.

बाराला पाच कमी असताना बाजार सोडा आणि राखून ठेवलेल्या टेबलाकडे निघा. सव्वाबाराची वेळ म्हणजे सव्वाबाराच. वीस मिनिटांच्या उशिराने टेबल दुसऱ्याला दिलं जाऊ शकतं.

मेन्यूवर 'आँत्रे' म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, 'प्ला' म्हणजे मुख्य, 'देसेर' म्हणजे गोड. अमेरिकेत राहून आलेल्यांची इथे गफलत होते, कारण तिकडे आँत्रे म्हणजे मुख्य पदार्थ. 'फॉर्म्युल' म्हणजे ठरलेल्या दरात दोन किंवा तीन पदार्थ. पण तो स्वस्त दर बऱ्याच जागी सोमवार ते शुक्रवार दुपारपुरताच असतो, पाटीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. शनिवारी माणशी साधारण २५ ते ३५ युरो धरून चला. पाणी मागताना 'युन कराफ द्'ओ' म्हणा, नळाचं पाणी सुरईतून फुकट येतं. नुसतं 'वॉटर' म्हटलं तर बाटली येते आणि तिचे पैसे लागतात. पाव फुकट असतो, संपला की आणून देतात. तो ताटलीत न ठेवता टेबलावरच ठेवायचा असतो. सेवाशुल्क दरातच धरलेलं असतं, टिप सक्तीची नाही. आवडलं तर दोन-तीन युरो ठेवा. बिल मागितल्याशिवाय येत नाही, कारण उठवणं हे तिथे असभ्य मानतात. 'लादिस्याँ, सिल व्हू प्ले' म्हटलं की येतं. गाठायची गाडी असेल तर गोडाबरोबरच मागून ठेवा.

तुम्ही सगळं खाता, तेव्हा आँत्रेमध्ये एस्कार्गो म्हणजे गोगलगायी घ्या, सहांचीच प्लेट. लसूण-पार्स्लीच्या लोण्यात भाजलेल्या, खळग्यांच्या ताटलीत उकळत्या येतात. डाव्या हातातल्या चिमट्याने शंख घट्ट धरायचा, दोन दातांच्या छोट्या काट्याने आतलं पिळून बाहेर काढायचं. चिमटा दाबला की तो उघडतो, सोडला की आवळतो, आपल्या सांडशीच्या नेमका उलट. म्हणून पहिला शंख बहुतेकांच्या हातून उडतो. उरलेलं लोणी पावाने पुसून खा. मुख्य पदार्थात बऽफ बुर्गिन्याँ : गाईच्या मांसाचे मोठे तुकडे, बर्गंडीच्या लाल वाइनमध्ये मंद आचेवर तीन तास किंवा जास्त शिजवलेले. मांस चमच्याने तुटायला हवं. चामट लागलं तर ते पुरेसं शिजलेलं नाही, दोष पदार्थाचा नव्हे. याखेरीज 'अऽ आँ मरेत' म्हणजे लाल वाइनच्या रश्शात सोडलेली अंडी हेही खास इथलंच.

मिस्टरांनी मात्र एका गोष्टीत सावध राहायला हवं. 'कोक ओ व्हँ' म्हणजे वाइनमधली कोंबडी असं वाचून ते निर्धास्त मागवतील, आणि त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतील. त्यांना 'लार्दाँ' म्हणतात आणि बर्गंडीच्या वाइनच्या बहुतेक रश्श्यांची सुरुवात त्यांच्यापासून होते, आपली फोडणीपासून होते तशी. वरच्या दोन्ही पदार्थांतही ते असतातच. सॅलडवरही पुष्कळदा भुरभुरलेले येतात. काढून वाढतो म्हटलं तरी रश्श्यात चरबी उतरलेली असते. त्यांच्यासाठी याच मुलखाचा दुसरा पदार्थ आहे, पुले गास्ताँ जेरार : कोंबडी, पांढरी वाइन, क्रीम, काँते चीज, मोहरीची चटणी आणि पाप्रिका. दिजाँच्या एका महापौराचं नाव त्याला आहे. तिखट नसला तरी मोहरीचा झणका असतो, आपल्या जिभेला तो लगेच जवळचा वाटतो. बोनच्या हॉटेलात नसेल तर क्रीममधली ब्रेसची कोंबडी, 'व्होलाय द ब्रेस', किंवा सांद्र हा नदीतला मासा घ्या. एक शब्द मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. तांदूळ आणि वासराच्या गळ्यातली ग्रंथी या दोन्हींचा उच्चार फ्रेंचमध्ये 'री' असाच. लिहिताना तांदळाच्या शेवटी झेड आणि ग्रंथीच्या शेवटी एस. 'री द व्हो' म्हणजे भात नव्हे. 'आँदुयेत' दिसलं तर ते डुकराच्या आतड्यांचं आहे.

सासूबाईंसाठी आदल्या दिवशीचा फोन हाच खरा उपाय. तरी मेन्यूतून निवडायची वेळ आली तर शोधायचं हे : ग्रातँ दोफिन्वा, म्हणजे बटाट्याच्या पातळ चकत्या क्रीम-लसणात भट्टीत भाजलेल्या. पारंपरिक पद्धतीत त्यात ना अंडं ना मांस. तो बाजूचा पदार्थ म्हणून लिहिलेला असतो, मोठ्या वाटीत मुख्य म्हणून मागा, बहुधा देतात. गरम बकरी-चीजचं सॅलड, 'साँ लार्दाँ' म्हणजे लार्दाँशिवाय असं बजावून. ऑक्टोबरमध्ये जंगली अळिंबी निघतात, लोण्यात परतलेल्या मिळाल्या तर सोडू नका. गोडात फ्रोमाज ब्लाँ मागा. हा जवळजवळ आपला चक्का, किंचित सैल. त्यावर काळ्या करंटचा म्हणजे 'कासिस'चा गडद जांभळा रस ओततात. कासिस इथलंच पीक. आंबट-गोड, जांभूळ आणि करवंद यांच्या मधलं काहीतरी. रसाऐवजी लिकर घालतात का ते विचारा, 'साँ आल्कॉल' एवढं पुरे. मूस किंवा पान्ना कोटासारख्या थरथरणाऱ्या गोडात पुष्कळदा जिलेटिन असतं, ते टाळा. गुझेर हे चीज घालून भाजलेले पोकळ गोळे बेकरीत दिसतील; त्यात अंडं आहे, पण केकसारखंच पिठात मुरलेलं. त्यांच्या नियमात बसत असेल तर गरम असताना द्या, थंड झाले की मऊ पडतात.

आणि सगळंच फिसकटलं तर क्रेपरी म्हणजे फ्रेंच धिरड्यांची खानावळ गाठा. तिथला खारा 'गालेत' बकव्हीटच्या म्हणजे कुट्टूच्या पिठाचा असतो, दिसायला आणि जाळीला अगदी घावन. पदार्थ ब्रिटनीचा, बर्गंडीचा नाही, पण अडचणीच्या वेळी तो फार उपयोगी आहे. चीज आणि अळिंबीचा मागा. 'काँप्लेत' मागवू नका, त्यात हॅम आणि वर अंडं असतं. पिठात अंडं घातलंय का तेही विचारा. काही जण घालतात.

दोनच्या सुमारास उठलात की तटबंदीच्या कडेने थोडं चाला. पूर्ण फेरी साधारण दोन किलोमीटरची, सासूबाईंना अर्धी पुरे. मग मोहरीचा कारखाना. फालो ही घराण्याच्या मालकीची गिरणी बोनमध्ये १८४० पासून आहे; मार्गदर्शित फेरीला आधी नाव नोंदवावं लागतं, शुक्रवारीच करा. फेरी मिळाली नाही तरी दुकानात चव घेता येते.

इथे आपल्या माणसाला विशेष गंमत वाटावी, कारण ही मोहरी आपलीच राई आहे, ब्रासिका जुन्सिया, तीच जात. मग आपल्या फोडणीतली मोहरी नाकात का जात नाही? तिखटपणा दाण्यात तयार नसतो. दाणा कुटून त्याला थंड पाणी लागलं की आतलं एक विकर म्हणजे एन्झाइम जागं होतं आणि त्या झणझणीत तेलाची निर्मिती सुरू होते. आपण अख्खा दाणा कडकडीत तेलात टाकतो, विकर तिथेच मरतं, उरते ती खमंग चव. फ्रेंच लोक दाणा भिजवून थंडपणे दळतात. फालोकडे अजून दगडी जाती वापरतात, त्यात पीठ तापत नाही. लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात झिणझिण्या येतात, तीच क्रिया. चाखताना वाटाण्याएवढीच पावावर घ्या आणि नाकाने श्वास बाहेर सोडा. तीनेक सेकंदांत झणका वर चढतो आणि तितक्याच लवकर विरतो.

विकत घेताना लेबल वाचा. 'दिजाँ मोहरी' हे पद्धतीचं नाव आहे, गावाचं नव्हे. ती कुठेही बनवता येते आणि तिच्यासाठी दाणे मुख्यतः कॅनडातून येतात. २०२१ ला तिथे दुष्काळ पडला आणि २०२२ मध्ये फ्रान्सच्या दुकानांत मोहरीच्या फळ्या रिकाम्या झाल्या, इतकं हे अवलंबन. 'मुतार्द द बुर्गोन्य' लिहिलं असेल तर मात्र दाणे आणि पांढरी वाइन दोन्ही बर्गंडीचीच, तसं भौगोलिक मानांकन आहे. वाइन नको असेल तर घटक वाचून व्हिनेगरवाली घ्या. घरी आणल्यावर बाटली उघडली की फ्रिजमध्ये ठेवा, आणि शिजताना घालू नका, झणका उडून जातो. गॅस बंद केल्यावर ढवळा, किंवा दह्यात चमचाभर फेटून काकडीच्या कोशिंबिरीत घाला.

पाच-साडेपाचच्या गाडीने परत या. दिवसभराचं चीज हॉटेलात पोचल्या पोचल्या कागदासकट टेबलावर काढून ठेवा, साडेसातला जेवायला बसाल तेव्हा ते बरोबर असेल. परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा सकाळीच टिपून ठेवा, आणि संप वगैरे आहे का ते आदल्या संध्याकाळी ॲपवर बघा. फ्रान्समध्ये संपाच्या दिवशीचं वेळापत्रक आदल्या दिवशी पाचपर्यंत जाहीर होतं.

बाकी दिवसांचं थोडक्यात. शुक्रवारी पोचाल तोवर दुपारचं जेवण हुकलेलं असेल, गाडीत खाऊन घ्या. रविवार दिजाँसाठी : ड्यूकच्या राजवाड्यातलं कलासंग्रहालय फुकट आहे, आणि जमिनीवरच्या घुबडाच्या खुणांमागे चालत जुनं गाव बघता येतं. रविवारी दुपारी भरपूर जेवा, रात्रीची सोय शनिवारीच करून ठेवा. सोमवारी उघडी असलेली जागा रविवारी हॉटेलमधल्या माणसाला विचारून ठरवा.

सासूबाईंच्या पिशवीत घरचं काहीतरी असेलच. भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, तेलातल्या दशम्या खुशाल न्या. तूप, पेढे, खवा मात्र नकोत : युरोपियन युनियनमध्ये बाहेरून प्रवाशांनी दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे आणि विमानतळावर काढून घेतात. कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्याही कागदपत्रांशिवाय चालत नाहीत. आणि परतताना मोहरीच्या बाटल्या मोठ्या बॅगेत टाका, मोज्यांत गुंडाळून. ती पेस्ट असल्यामुळे सुरक्षा तपासणीत द्रव धरतात, १०० मिलिलिटरवरची बाटली हातातल्या बॅगेत असेल तर तिथेच ठेवून यावी लागते.